तीस फुटांचा वाफा

खुर्चीवर कोंबडी बसली होती.

चांगली चाकाची खुर्ची, तालुक्याच्या शिबिरात मिळालेली. महिपती मिस्त्रींच्या पडवीत ती कडब्याला टेकून उभी होती. सीटवर गोणपाट, आणि गोणपाटावर तांबडी कोंबडी पिसं फुलवून अंड्यांवर बसलेली. मी तिला हाकलायला हात उगारला, तशी मिस्त्रींची बायको भामा आडवी आली.

"बाई, उठवू नगा तिला. एकवीस दिस भराय सातच ऱ्हायल्यात."

"आणि मिस्त्रींनी कशावर बसायचं?"

"ते कुठं बसत्यात? दोन वरीस झाली, बाज सुटली न्हाई त्यांची."

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा माणदेशातल्या चिंचणेवाडीत नर्स होते. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना आणि मागं माझं क्वार्टर. गाव मला नर्सबाई म्हणे. आठ वर्षं झाली होती आणि गावातला ताप मला विचारूनच चढतो-उतरतो, अशी माझी समजूत होती. आपलं काम फारच छान चाललंय असं माणसाला वाटायला लागलं, की कुठंतरी पाणी मुरत असतं. पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी नाकानं कांदे सोलत होते.

महिपती लोखंडे हे पंचक्रोशीतले नावाजलेले गवंडी. तालुक्याला तिसऱ्या मजल्याचा गिलावा करताना परांची सुटली आणि मिस्त्री खाली आले. जीव वाचला, पण पाठीचा कणा गेला. कमरेखाली काही हलेना, काही कळेना. दंड मात्र तसेच राहिले होते, आणि जीभही.

त्या दिवशी भामानं मला बोलावलं ते वास येतो म्हणून. मिस्त्रींना कुशीवर वळवून बघितलं. माकडहाडावर वाटीएवढी जखम, मध्ये काळी पडलेली कातडी. महिन्यामागं भामा म्हणाली होती, "जरा सोललंय." मी तिच्या हातावर पावडरीचा डबा ठेवला होता आणि त्या घराची पायरी काही चढले नव्हते.

"दुखतं का हो मिस्त्री?" मी विचारलं.

"मला कळत असतं बाई, तर वास येस्तोवर थांबलो असतो व्हय?"

दर गुरुवारी आमच्याकडे डॉक्टर मुजावर यायचे. तरुण माणूस, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांना मी घरी नेऊन जखम दाखवली. त्यांनी बॅटरी मारून बघितलं, आणि बाहेर आल्यावर मला बाजूला घेतलं.

"सिस्टर, ते काळं कापून काढायला लागेल. टेबल पाहिजे, उजेड पाहिजे, उकळलेली हत्यारं पाहिजेत. त्या अंधारात, शेळ्यांच्या लेंड्यांत मी नाही कापणार. पुढच्या गुरुवारी दवाखान्यात आणा. गोळ्या देतो, पण गोळ्यांवर भागणार नाही. विष रक्तात गेलं तर माणूस हाती लागायचा नाही."

दवाखाना त्यांच्या घरापासून दोनशे पावलांवर. दोनशे पावलं आणि पाच पायऱ्या.

"त्यात काय एवढं," मी मिस्त्रींना म्हणाले. "चौघं मिळून उचलून वर घेतील."

"मला कुनी उचलायचं न्हाई."

"अहो, पण..."

"बाई, मेलो तर चालंल. चौघांनी मग उचला."

भामा तोंडाला पदर लावून शेळ्यांकडे गेली. मी तिच्या मागं गेले, तेव्हा तिनं शिबिराचं सांगितलं. खुर्ची द्यायच्या दिवशी चौघांनी मिस्त्रींना खांद्याएवढं उचलून स्टेजवर नेलं. वर नेताना लघवीची पिशवी अडकून फाटली. एकाच्या सदऱ्यावर, मिस्त्रींच्या धोतरावर, सगळीकडे झालं. लोकांनी नाकं धरली. मागं कुणीतरी फिसकन हसलं. फोटो मात्र तसाच काढला. त्या दिवसापासून खुर्ची कोंबडीची झाली.

"हसलं त्याचं त्यांस्नी काय वाटलं न्हाई," भामा म्हणाली. "नाक धरलेल्यांचं बी न्हाई. चौघांनी उचललं त्याचं वाटलं. म्हनले, मी सिमेटाचं पोतं हाय काय."

मग मी पदर खोचला. काम करायचं म्हटल्यावर मला कुणी धरू शकत नसे. सरपंच आनंदराव पाटलांकडे गेले आणि सांगितलं, दवाखान्याला रॅम्प पाहिजे, आठ दिवसांच्या आत पाहिजे. आनंदराव भला माणूस. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर जमा झालं की त्याला आणखीच भलेपणा यायचा. गटारीच्या कामातली सिमेंटची पोती उरली होती, ती त्यानं दिली. गवंडी बाळकू आला. हा बाळकू मी गावात आल्यावर महिपती मिस्त्रींच्याच हाताखाली तयार झालेला, हात चांगला, पण कुणी काही म्हटलं की मान डोलवायचा.

"बाई, रॅम्प घ्यायचा कुटनं?" त्यानं विचारलं.

आता दवाखान्याची रचना सांगते. इमारत लांबोडकी, व्हरांडा डाव्या टोकाला, आणि व्हरांड्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत भिंतीला लागून माझा फुलांचा वाफा. मी आले तेव्हा त्यात नुसती सदाफुली होती. आठ वर्षांत मी त्यात जास्वंद लावली, अबोली लावली, आणि मिरजेहून आईच्या दारचा मोगरा आणून लावला. आई त्याच वर्षी गेली. तालुक्याचे साहेब यायचे तेव्हा रजिस्टर नंतर बघायचे, आधी वाफा बघायचे.

"वाफ्याला हात लावायचा नाही," मी म्हणाले. "पुढून सरळ घे."

बाळकूनं मान डोलवली. पुढं रस्ता होता, दहा फुटांच्या वर जागा नव्हती. त्यानं दहा फुटांत रॅम्प बसवला. तीन दिवसांत काम उरकलं, दोन दिवस पाणी मारलं. बुधवारी सकाळी आनंदरावांनी नारळ फोडला आणि मोटारसायकलवर बसून फाटकन वर व्हरांड्यात गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वर सगळ्यांना चहा पाजला.

संध्याकाळी मिस्त्रींना सांगायला गेले.

"मिस्त्री, रॅम्प झाला. उद्या कुणी तुम्हाला हात लावणार नाही. खुर्चीत बसायचं आणि यायचं."

ते पालथे पडले होते. मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कुनी बांदला? बाळकूनं?"

"हो."

"किती लांब हाय?"

"दहा फूट असेल."

"आन् वाफा? काढला?"

"छे हो, वाफ्याला कशाला हात लावू देईन मी?"

त्यांनी तोंड पुन्हा भिंतीकडे केलं. मला वाटलं, आता नाही म्हणणार. पण थोड्या वेळानं ते म्हणाले, "भामे, कोंबडी उठव."

कोंबडीची पिल्लं आदल्याच दिवशी निघाली होती, त्यामुळं तंटा झाला नाही.

गुरुवारी खुर्ची गल्लीतून निघाली. भामा मागून ढकलत होती आणि मिस्त्री हातरुमालानं घाम पुसत, समोर बघत बसले होते. दोन वर्षांत त्यांना कुणी बघितलं नव्हतं. बायका दारात आल्या, पाराजवळची माणसं उठून उभी राहिली. दवाखान्यापुढं ही गर्दी. रॅम्पच्या तोंडाशी मिस्त्रींनी भामाला सोडायला लावलं आणि स्वतः चाकांवर हात घातले.

तीनेक फूट खुर्ची चढली. मग पुढची छोटी चाकं जमिनीवरून उचलली गेली. मिस्त्रींनी अंग पुढं टाकलं, दंडाच्या शिरा तटतटल्या, आणि खुर्ची घोड्यासारखी मागं झुकली. बाळकू आणि भामानं धरली म्हणून, नाही तर डोकं दगडावरच होतं.

"आरं, उचला की त्याला!" मागून कुणीतरी ओरडलं. दोघं-तिघं पुढं झाले.

"हात लावायचा न्हाई!" मिस्त्रींनी चाकं घट्ट आवळली. "लावला त्येचा हात मोडीन."

आनंदराव गोंधळले होते. "पर महिपती, काल माझी गाडी सटाक्यात वर गेली न्हवं!"

"आनंदराव, तुमच्या गाडीला इंजान हाय."

लोक हसले. ह्या वेळी ते मिस्त्रींच्या बाजूनं हसले, आणि मिस्त्रींना ते कळलं असावं, कारण त्यांनी चाकांवरचे हात जरा ढिले केले. मला मात्र हसू आलं नाही. काल टाळ्या वाजवणारी मीच होते. मोटारसायकल चढली की माणूस चढेल, हे त्या गावात एकालाही खटकलं नव्हतं आणि नर्सबाईंनाही नाही.

डॉक्टर मुजावर खाली उतरले. अंगणातल्या लिंबाखाली मी आणि भामानं चादर धरली आणि आडोशाला त्यांनी जखम बघितली.

"आठ दिवस," ते म्हणाले. "पुढच्या गुरुवारी हे टेबलावर पाहिजे. नाही तर मी गाडी बोलावून साताऱ्याला पाठवणार, आणि तेव्हा कोण उचलतंय, कोण नाही, ते विचारणार नाही. आणि तोवर बसायचं नाही. पोटावर झोपायचं."

"पोटावर चालंल," मिस्त्री म्हणाले. "बाळकू, जा, माझी बाज हितं आन."

"हितं?"

"लिंबाखाली. येताना लेवलची नळी आन, आन् दोरी, गुन्या, वळंबा. भामे, तू भाकरी घिऊन ये."

अर्ध्या तासात दवाखान्याच्या अंगणात लिंबाखाली बाज पडली आणि तिच्यावर महिपती मिस्त्री पालथे. हनुवटीखाली उशी, हात मोकळे, डोळे जमिनीपासून दीड-दोन फुटांवर.

"बरं दिसतंय हितनं," ते म्हणाले. "उभ्यानं पातळी बघाय उगंच वाकाय लागायचं."

पाणी भरलेली पारदर्शक नळी बाळकूनं भिंतीला लावली. मिस्त्री बाजेवरून सांगत होते: वर घे, खाली घे, थांब. मग म्हणाले, "जोतं अडीच फूट हाय. अडीच फूट म्हंजे तीस इंच. इंचाला फूट. तीस फूट लांबी लागंल."

"इंचाला फूट?" बाळकू चकित झाला. "एवढा निवांत उतार? मिस्त्री, आपन कधी बांदलाय असला?"

"न्हाई बांदला," मिस्त्री म्हणाले. "पर असाच लागतोय."

"तीस फूट जागा कुठाय हितं?"

मिस्त्रींनी हात लांब करून माझ्या वाफ्याकडे बोट दाखवलं.

"बाई, झाडं काढाय लागत्याल."

माझ्या तोंडून झटक्यात निघालं, "ते काही जमायचं नाही."

"मोजून बघा. तीस फूट भरंल."

बाळकूनं टेप लावला. वाफा बरोब्बर तीस फूट भरला. रुंदी चार फूट. मला वाटलं, वा, काय नजर आहे माणसाची! पण नजरेचं कौतुक वेगळं आणि मोगरा वेगळा.

"मिस्त्री, दुसरीकडून काढा," मी म्हणाले. "मागल्या बाजूनं घ्या."

"मागं चढ हाय, दगड हाय. बाई, ती जागा रॅम्पचीच हाय."

"रॅम्पची कशी? आठ वर्षं मी पाणी घालतेय तिथं!"

उशीवर गाल टेकून ते वाफ्याकडे बघत राहिले. भामा भाकरीचं फडकं घेऊन आली होती, तिनं आमचं बोलणं ऐकलं होतं. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, झाडं दुसरीकडं लागत्यात."

एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता ना विनवणी. मला इतकी लाज वाटली की मी तिथं उभी राहू शकले नाही. क्वार्टरमध्ये गेले, खुरपं घेतलं, आणि पहिला मोगराच काढला. मुळाभोवतीची माती फडक्यात बांधताना आईची आठवण झाली आणि मी रडले. कुणी बघितलं नाही असं मला वाटलं, पण मिस्त्रींचे डोळे जमिनीलगत होते.

"मोगऱ्याला सांच्याला पानी घाला," ते म्हणाले. "उन्हात नगं."

दुसऱ्या दिवशी माती उपसायला गावातली सहा माणसं आली. आनंदराव स्वतः टिकाव घेऊन आले. आधीचा रॅम्प फुकट गेल्याची लाज त्यांनाही होतीच. फूटभर खाली गेल्यावर बाळकूची पहार कशावर तरी आदळली.

"आरं! मिस्त्री, हितं पाया हाय!" तो ओरडला. "ह्या टोकापसनं त्या टोकापतुर. दगडी. चांगला भरलेला!"

"हाय का?" मिस्त्री म्हणाले.

"सरकारी लोक बी येडंच. फुलझाडाला कुनी पाया घालतं व्हय?"

सगळे हसले. मिस्त्रींनी उशीत तोंड खुपसलं. मला वाटलं, त्यांना ऊन लागलं. मी त्यांना पाणी दिलं आणि बाज सावलीत सरकवली.

पाया तयार मिळाल्यानं दोन दिवसांचं काम एका दिवसावर आलं. शनिवारी भराव झाला, रविवारी वर सिमेंट पडलं. ओल्या सिमेंटवर मिस्त्रींनी सुंभाची दोरी आडवी दाबून रेघा काढून घेतल्या, चाक घसरू नये म्हणून. कडेला हाताच्या उंचीवर पाईप बसवायला लावला. "चालनाऱ्याला बी धराय काय तरी पायजे," म्हणाले. मग पाणी मारायचं काम माझ्याकडे आलं. सकाळ-संध्याकाळ त्याच झारीनं, त्याच जागेवर. मिस्त्री बाजेवरून ओरडायचे, "बाई, कडेला! कडा कोरडी ऱ्हायली!" आठ वर्षांत मला एवढं कुणी बोललं नव्हतं.

रात्रीचे ते घरी जायचे, बाजेसकट. हो, बाजेसकट चौघंजण उचलून न्यायचे. ते माझ्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

"मिस्त्री, आता उचललेलं चालतं वाटतं?" मी चिडवलं.

"आता मी कामावरनं घरी चाललोय," ते म्हणाले.

सोमवारी त्यांना ताप भरला. मंगळवारी वाढला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू होत्या, पण मला रात्रभर झोप लागेना. बुधवारी सकाळी मी म्हणाले, "आजच साताऱ्याला जाऊ या. गाडी बोलावते."

"उद्या गुरवार हाय न्हवं?"

"उद्याचा भरवसा मला नाही, मिस्त्री."

"एक दिस, बाई. सिमेट अजून हिरवं हाय, पुरतं धरलं न्हाई. उद्या चढतो. न्हाई चढलो तर तुमी म्हनाल तसं."

भामानं माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. परिचारिका म्हणून मी तेव्हा जे केलं ते बरोबर होतं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी थांबले.

गुरुवारी उजाडताच अंगण भरलं. ह्या वेळी नारळ नव्हता आणि मोटारसायकलही नव्हती. मिस्त्री तापलेल्या अंगानं खुर्चीत बसले. गोधडीची जाड घडी खाली. भामा मागं उभी राहिली, पण हात तिनं पाठीशी बांधून घेतले. तसं त्यांनीच सांगितलं होतं.

चाकं फिरली. पाच फूट, दहा फूट. पुढची चाकं जमिनीला चिकटून होती. मिस्त्री चार हात मारायचे आणि पाईप धरून थांबायचे. वीस फुटांवर त्यांनी धरलेला पाईप लवकर सुटेना, तसं आनंदरावांनी एक पाऊल पुढं टाकलं. बाळकूनं त्यांचा सदरा धरून त्यांना मागं ओढलं. सरपंचाचा सदरा ओढणारा बाळकू त्या दिवशी मी पहिल्यांदा बघितला.

मग शेवटचे दहा फूट. खुर्ची व्हरांड्यात आली आणि फरशीवर सपाट उभी राहिली. टाळ्या वाजल्या नाहीत. भामा मोठ्यानं रडली आणि बायकांनी तिला जवळ घेतलं. डॉक्टर मुजावर दारात उभे होते. ते म्हणाले, "या मिस्त्री, उशीर केलात."

खुर्चीवरून टेबलावर मिस्त्री स्वतःच गेले, हातांच्या जोरावर. पालथे झाले. डॉक्टरांनी काळी कातडी कापायला घेतली आणि मी ट्रे धरून उभी राहिले. मिस्त्रींना दुखणं कळत नव्हतं, ते खाली फरशीकडे बघत होते. कातडीखाली तांबडं मांस लागलं तसे डॉक्टर म्हणाले, "वाचलात. खाली चांगलं आहे."

थोड्या वेळानं मिस्त्री म्हणाले, "बाई, ही फरशी बी मीच बसवलीय."

"इथली?"

"सगळा दवाखाना मीच बांदलाय. बारा वर्सं झाली. तुमी येन्याआधी."

मला हे ठाऊक नव्हतं. गावात कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

"म्हणून पाया..." मी म्हणाले आणि थांबले.

"नकाशात रॅम्प व्हता. तीस फूट. इंचाला फूट, लिवलं व्हतं बाजूला. पाया भरला, कडंचा थर बांदला. मंग ठेकेदारानं मला इचारलं, मिस्त्री, ह्ये कशापायी? मी म्हनलो, पांगळ्यांसाठी हाय. आन् मीच फुडं म्हनलो, पांगळी मानसं कुठं दवाखान्यात येत्यात, ती घरात पडून असत्यात. ऱ्हाऊ द्या ह्ये. माती भरू, फुलझाडं लावू, सोभा दिसंल." ते क्षणभर थांबले. "पयली सदाफुली मीच लावली."

डॉक्टरांचा हात थांबला होता. मी विचारलं, "मग मिस्त्री, एवढे दिवस सांगितलं का नाही?"

"खालनं कुठल्या तोंडानं सांगू? सांगाया वर याय पायजे व्हतं न्हवं."

ट्रे ठेवायच्या निमित्तानं मी व्हरांड्यात आले. गर्दी पांगली होती. आणि रॅम्पवरून, एका हातात काठी आणि दुसरा हात पाईपवर, ठकूआजी वर येत होती.

ठकूआजीचं घर दवाखान्यापासून चौथं. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. त्या मी तिच्या नातीच्या हाती पाठवायचे आणि तपासणीच्या रकान्यात दर महिन्याला लिहायचे, 'आली नाही'. म्हातारीला दवाखान्याचा कंटाळा, असं मी धरून चालले होते. तीन वर्षं.

"आजी, आज कशी काय वाट चुकलात?" मी विचारलं. चिडवायचं होतं, पण ते जमलं नाही.

"वाट आता झाली गं बाई," ती म्हणाली. "त्या पायऱ्या माझ्या गुडघ्याला झेपत न्हवत्या. तुला किती सांगावा धाडला, नर्सबाई खाली ये जरा. तू आपली झाडाला पानी घालत असायचीस."

मी तिला बाकावर बसवलं. तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. दुसऱ्या दिवशी मी सगळं रजिस्टर काढलं, 'आली नाही' आणि 'आला नाही' असलेली नावं वेगळी लिहिली आणि एकेका घरी गेले. सत्तावीस नावं होती. पण ते नंतरचं.

आतून मिस्त्रींचा आवाज आला. "बाई, कोन आलंय?"

"ठकूआजी."

"कशी आली?"

"रॅम्पवरून. एकटीच."

डॉक्टरांच्या चिमट्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"धाप लागलीय का तिला?"

मी ठकूआजीकडे बघितलं. ती पदरानं तोंड पुसत होती आणि व्हरांड्यातून आपलं घर कुठं दिसतं ते शोधत होती.

"नाही लागली," मी म्हणाले.

"मंग उतार बरोबर हाय," महिपती मिस्त्री म्हणाले.